उत्तर बरोबर, पण प्रश्न कोणाचा?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जॉर्ज डँट्झिग हे अमेरिकी गणिती तेव्हा रँड या संस्थेत काम करत होते. ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’मधली उदाहरणे सोडवण्याची सिम्प्लेक्स ही प्रसिद्ध रीत त्यांनी १९४७ मध्ये शोधून काढली होती. डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला सांगितले. आपला आहार आपल्याच रीतीने ठरवावा, असे त्यांच्या मनात आले. कॅलरी ठरावीक मर्यादेत राहाव्यात, जीवनसत्त्वे व क्षार पुरेसे मिळावेत आणि पोट जास्तीत जास्त भरल्यासारखे वाटावे, असे गणित त्यांनी मांडले. पोट भरणे मोजायचे कसे? अन्नाच्या वजनातून त्यातल्या पाण्याचे वजन वजा केले की जे उरते, ते पोट भरते, असे त्यांनी धरले.

आयबीएम ७०१ या यंत्राने उत्तर दिले, त्यात रोज ५०० गॅलन व्हिनेगर होते! तक्त्यात व्हिनेगर सौम्य आम्ल म्हणून नोंदले होते आणि त्यातले पाणी शून्य धरले होते. म्हणून यंत्राच्या दृष्टीने पोट भरायला त्याहून चांगला पदार्थ नव्हता. डँट्झिगनी यादीतून व्हिनेगर काढले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, त्यात मांसाच्या अर्काच्या २०० खारट वड्या होत्या. मीठ जास्तीत जास्त किती, अशी अट तक्त्यात कोणी घातलीच नव्हती. कारण इतके मीठ कोणी खाईल असे कोणाच्या मनात येत नाही. वड्यांवर मर्यादा घातली, तर पुढच्या खेपेला कोंडा आला. असे काही दिवस चालले. शेवटी त्यांच्या पत्नीने सूत्रे हाती घेतली, त्यांचा आहार स्वतः ठरवला आणि त्यांचे वजन २२ पौंडांनी उतरले. ही हकिकत डँट्झिगनी स्वतःच १९९० मध्ये लिहून ठेवली आहे.

गोष्ट हसण्यासारखी आहे. पण त्यात एक गंभीर मुद्दा आहे. यंत्राने एकदाही चूक केली नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दर वेळी अचूक दिले. चूक होती ती प्रश्नात. डँट्झिगच्या घरी ती चूक लगेच लक्षात आली, कारण प्रश्न मांडणारा आणि उत्तर खाणारा माणूस एकच होता. प्रश्न मांडणारा एक आणि उत्तर भोगणारा दुसराच असेल, तर काय होईल? आज भूक, आरोग्य, आपत्ती, शहरातल्या सोयी अशा अनेक सामाजिक प्रश्नांना हेच गणित लावले जाते. त्याचे कौतुकही पुष्कळ होते. ते कौतुक कितपत रास्त आहे, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

युद्धातला जन्म

या शास्त्राचे इंग्रजी नाव ‘ऑपरेशन्स रिसर्च’. उपलब्ध साधने, पाळायच्या अटी आणि साधायचे उद्दिष्ट हे सर्व आकड्यांत मांडायचे आणि उत्तमातला उत्तम निर्णय शोधायचा, असे हे काम आहे. शिक्षक वर्गात जे कृतिसंशोधन करतात त्याच्याशी याची गल्लत करू नये. दुसऱ्या महायुद्धापूर्वी व युद्धकाळात ब्रिटनमध्ये ते आकाराला आले. पुढे १९४८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले पॅट्रिक ब्लॅकेट हे त्याच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक.

अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवत होत्या. जहाजे ताफ्याने जात. ताफा लहान ठेवावा की मोठा? ब्लॅकेट यांच्या गटाने जुन्या नोंदी तपासल्या. सरासरी ३२ जहाजांच्या ताफ्यांत २.५ टक्के जहाजे बुडाली होती, तर सरासरी ५४ जहाजांच्या ताफ्यांत १.१ टक्के. यामागचे एक कारण नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. ताफ्याचा परीघ दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते. राखण करायची असते परिघाची, पण जहाजे मावतात क्षेत्रफळात. म्हणजे तेवढ्याच रक्षक नौका मोठ्या ताफ्यात जास्त जहाजांचे रक्षण करतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जहाजे कमीत कमी बुडावीत, याविषयी नौदलप्रमुख, खलाशी आणि शास्त्रज्ञ यांच्यात मतभेद असण्याचे कारण नव्हते. उद्दिष्ट आयते मिळाले होते. समाजाच्या प्रश्नांत ते तसे मिळत नाही. ‘उत्तम’ म्हणजे काय, कोणासाठी उत्तम, हाच तर तेथे वादाचा विषय असतो. युद्धातून बाहेर पडताना या शास्त्राने आपली हत्यारे बरोबर आणली. पण तो आयता एकमताचा आधार मागेच राहिला.

स्वस्तात स्वस्त आहार

बारावीच्या गणितात लिनियर प्रोग्रॅमिंग शिकवताना एक नमुन्याचे उदाहरण हमखास येते. दोन खाद्यपदार्थ, दोन जीवनसत्त्वे, प्रत्येकाची किंमत. कमीत कमी खर्चाचा आहार काढा. या उदाहरणाला इतिहास आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये ७७ खाद्यपदार्थ व ९ पोषकघटक घेऊन एका माणसाचा वर्षाचा स्वस्तात स्वस्त आहार काढला. १९३९च्या किमतींनुसार खर्च आला ३९.९३ डॉलर. आहारात पदार्थ होते पाच: गव्हाचे पीठ, आटवलेले डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. हे उत्तर त्यांनी चातुर्याने, अंदाजांच्या आधारे काढले होते. १९४७ मध्ये डँट्झिगच्या रीतीने तेच उदाहरण अचूक सोडवले गेले. त्यासाठी नऊ कारकून हाताने चालवायची गणनयंत्रे घेऊन बसले आणि एकूण १२० मनुष्य-दिवस लागले. उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिग्लर अवघ्या २४ सेंटनी चुकले होते!

स्टिग्लर यांची प्रामाणिकता अशी की, हा आहार आपण कोणालाही सुचवत नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले. आहारतज्ज्ञांचे ‘किमान खर्चाचे’ आहार याहून कितीतरी महाग होते. चव, विविधता, चालीरीती यांचा खर्च ते पोषणाच्याच नावाने मांडत होते, हे दाखवणे हा त्यांचा हेतू. पाठ्यपुस्तकांतून हा इशारा गळून गेला आणि उदाहरण तेवढे उरले. माझी पहिली तक्रार ही आहे.

खिचडीचे गणित

हे परदेशी आकडे बाजूला ठेवून आपल्या शाळेकडे येऊ. शालेय पोषण आहाराच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरवले आहे. आता समजा, हे प्रमाण आपल्याला माहीत नाही. फक्त ४५० आणि १२ या दोन अटी माहीत आहेत. भाजी सध्या सोडून देऊ. तेलाचे ४५ किलोकॅलरी वजा केले की तांदूळ व डाळ मिळून ४०५ हवेत.

स्थूलमानाने १०० ग्रॅम तांदळात ३४५ किलोकॅलरी व ७ ग्रॅम प्रथिने धरू. १०० ग्रॅम डाळीत ३४० किलोकॅलरी व २२ ग्रॅम प्रथिने. उदाहरणापुरता तांदळाचा भाव किलोला ४० रुपये व डाळीचा १२० रुपये मानू. आलेख काढला की स्वस्तात स्वस्त उत्तर मिळते: सुमारे ९३ ग्रॅम तांदूळ व २५ ग्रॅम डाळ, खर्च ६ रुपये ७१ पैसे. सरकारी प्रमाणाच्या हे अगदी जवळ आहे. गणिताचा विश्वास वाटावा असेच उत्तर!

आता याच उदाहरणाला आणखी दोन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: प्रथिनांची अट १२ ऐवजी १३ ग्रॅम केली तर? उत्तर सरकून ८६ ग्रॅम तांदूळ व ३२ ग्रॅम डाळ होते आणि खर्च सुमारे ५३ पैशांनी वाढतो. उलट प्रथिने तेवढीच ठेवून १०० किलोकॅलरी वाढवायच्या, तर खर्च फक्त ८ पैशांच्या आसपास वाढतो. अट एका एककाने कडक केली की खर्च कितीने वाढतो, या आकड्याला त्या अटीची ‘छाया-किंमत’ म्हणतात. बाजारात ती कोठे लिहिलेली नसते, पण गणितातून बाहेर येते. आपल्या उदाहरणात ती असे सांगते की, पोट भरणे स्वस्त आहे, खरा खर्च प्रथिनांचा आहे. पैसे कमी पडले की वरण पातळ का होते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. छाया-किंमत तेच आकड्यांत सांगते.

दुसरा प्रश्न: डाळ महागली तर? व्यवहारात आपण डाळ थोडी कमी करू. यंत्र तसे करत नाही. भाव १२५ रुपये होईपर्यंत उत्तरात काहीच फरक पडत नाही. १२६ रुपये झाला की यंत्र डाळ पूर्णपणे काढून टाकते आणि १७१ ग्रॅम नुसता तांदूळ देते! कारण इतक्या तांदळात १२ ग्रॅम प्रथिने कागदोपत्री भरतात आणि खर्च ६ रुपये ८६ पैसे, म्हणजे डाळ-भातापेक्षा किंचित कमी येतो. लिनियर प्रोग्रॅमिंगचे उत्तर नेहमी कोपऱ्यावर मिळते, हे आपण शिकवतो. कोपऱ्यावरून कोपऱ्यावर उडी मारणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

या १७१ ग्रॅम तांदळात काय चुकले आहे? सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत तेवढा भात जाणार नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी असते व डाळ ती उणीव भरून काढते. म्हणून ‘१२ ग्रॅम’ या शब्दाचा अर्थ दोन्ही ताटांत एकच नाही. आणि रोज नुसता भात कोणी आवडीने खात नाही. यांतले एकही कारण आपल्या समीकरणांत नव्हते. ती आपल्याला माहीत होती, पण लिहायची राहिली. डँट्झिगचे व्हिनेगर ते हेच.

श्रेय द्यावे तेथे

म्हणून हे शास्त्र टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम संकटग्रस्त देशांत धान्य पोहोचवतो. आणीबाणीत दर माणशी दर दिवशी २१०० किलोकॅलरी हा नियोजनाचा ढोबळ आकडा असतो. कोणते पदार्थ द्यायचे, ते कोणत्या देशात घ्यायचे, कोणत्या बंदरातून व कोणत्या रस्त्याने न्यायचे, धान्य द्यायचे की रोख रक्कम, हे निर्णय पूर्वी वेगवेगळ्या खात्यांत होत. स्वस्त पदार्थ निवडला, पण तो आणण्याचा खर्चच जास्त, असे होऊ शकते. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने या संस्थेने ‘ऑप्टिमस’ नावाची प्रणाली उभारली व हे सगळे निर्णय एका गणितात एकत्र मांडले. २०२१ मध्ये या कामाला ऑपरेशन्स रिसर्चमधले मानाचे फ्रान्झ एडेलमन पारितोषिक मिळाले. या पद्धतींमुळे १५ कोटी डॉलरहून अधिक बचत झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. भुकेल्यांसाठीचा पैसा नेहमीच अपुरा असतो. तेथे वाचलेला पैसा म्हणजे आणखी माणसांच्या तोंडी घास. याला क्षुल्लक म्हणणारा टीकाकार स्वतः कधी उपाशी राहिलेला नसावा.

मला स्वतःला या कामातली आणखी एक शक्यता मोलाची वाटते. मदत देणारे देश अटी घालतात: धान्य आमच्याच देशातले घ्या, आमच्याच जहाजांतून न्या. प्रत्येक अटीची छाया-किंमत काढता येते. म्हणजे या अटीपायी किती माणसांचे अन्न गेले, हे आकड्यात सांगता येते. एरवी सभ्य भाषेत दडून राहणारी गोष्ट गणित उघड्यावर आणते. या शास्त्राचा समाजाला होणारा सर्वांत मोठा उपयोग मी हाच मानतो. नेमके उत्तर मिळण्यापेक्षाही कोणती अट किती महाग पडते, हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे.

भूक म्हणजे धान्याचा तुटवडा?

पण आहाराच्या गणितात एक गृहीत मुळातच दडलेले असते. भूक हा पुरवठ्याचा प्रश्न आहे, असे ते मानते. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. भाव भडकले, शेतमजुरांची मजुरी मागे राहिली आणि समोर धान्य असूनही ते विकत घेण्याची ताकद त्यांच्यात उरली नाही. सेन यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले. पण दुष्काळात धान्याइतकाच धान्यावरचा हक्क महत्त्वाचा, हा मुद्दा आज सर्वमान्य आहे. उत्तम वाहतूक-आराखडा बंगालला हवाच होता, परंतु ‘धान्य कसे न्यावे’ एवढाच प्रश्न मांडला असता तर ‘मजूर ते घेईल कसे’ हा प्रश्न कागदावर आलाच नसता.

याच्या शेजारी आपला १९७२चा दुष्काळ ठेवून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर मिलो आणि सुकडी हे दोन शब्द अजून ऐकायला मिळतील. मिलो ही अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. पोषणाच्या तक्त्यात ती आणि आपली ज्वारी यांत फारसा फरक नाही, कारण मिलो ही ज्वारीचीच जात. पण तिच्या भाकरीची आठवण कोणी प्रेमाने काढत नाही. तक्ता आणि जीभ यांतले अंतर त्या पिढीने अनुभवाने जाणले. तरीही महाराष्ट्रात बंगालसारखी माणसे मेली नाहीत, आणि त्याचे मुख्य श्रेय धान्याच्या वाटपाला देता येत नाही. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. हातात मजुरी आली, म्हणून माणसे धान्य विकत घेऊ शकली आणि बाजारानेही ते आणले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला पुढे १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी येथे प्रश्नच बदलला. ‘या माणसाला कमीत कमी खर्चात काय खायला घालावे?’ याऐवजी ‘या माणसाला काम मागण्याचा हक्क आहे का?’ असे विचारले. पहिल्या प्रश्नाचे कितीही अचूक उत्तर काढले, तरी त्यातून दुसरा प्रश्न निघत नाही.

न्यूयॉर्कच्या आगी

प्रश्न चुकीचा मांडला तर फार काय, थोडा पैसा वाया जाईल, असे कोणी म्हणेल. त्यासाठी न्यूयॉर्कचे उदाहरण पाहू. १९६९ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांच्या काळात ‘न्यूयॉर्क सिटी-रँड इन्स्टिट्यूट’ ही संस्था सुरू झाली. शहरात आगी वाढत होत्या आणि पैसा कमी पडत होता. अग्निशामक दलाच्या ठाण्यांची रचना कशी असावी, यावर हुशार, तरुण गणितींनी काम केले. त्यातला काही भाग खरोखर सुंदर आहे. कोलेसर व ब्लम यांनी १९७३ मध्ये मांडलेला वर्गमूळाचा नियम पाहा: बंब घटनास्थळी पोहोचायला कापावे लागणारे सरासरी अंतर हे क्षेत्रफळ भागिले उपलब्ध बंबांची संख्या, याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. म्हणजे अंतर निम्मे करायचे तर बंब चौपट हवेत.

हा नियम वापरून मी एक लहान गणित करून पाहिले. एका भागात ९ बंब आहेत. त्यांतला १ काढला. सरासरी अंतर ९/८ च्या वर्गमूळाइतके, म्हणजे फक्त ६ टक्क्यांनी वाढते. एक ठाणे बंद करून इतका पैसा वाचतो आणि नुकसान मात्र ६ टक्के! कोणताही प्रशासक लगेच सही करील. पण तो भाग दाट, गरीब वस्तीचा आहे आणि तेथे दर वेळी सरासरी ५ बंब आधीच दुसऱ्या आगींवर गेलेले असतात, असे समजा. उपलब्ध बंब ९ नाहीत, ४ आहेत. एक काढला की ३ उरतात आणि अंतर १५ टक्क्यांहून अधिक वाढते. शिवाय बंब उशिरा पोहोचला की आग मोठी होते, मोठी आग विझवायला वेळ लागतो, बंब जास्त काळ अडकून पडतात आणि उपलब्ध संख्या आणखी घटते. नियम तोच, सूत्रही तेच. ‘उपलब्ध’ या एका शब्दात काय धरले, यावर उत्तर फिरते.

१९७२ पासून पुढच्या काही वर्षांत शहरातली अनेक ठाणी बंद झाली किंवा हलवली गेली. ब्राँक्सच्या ज्या वस्त्यांत आगी सर्वाधिक होत्या, तेथीलही काही त्यांत होती. डेबोरा व रॉड्रिक वॉलेस या संशोधक दांपत्याने या निर्णयांवर कठोर टीका केली. जो फ्लड यांच्या २०१० मधल्या पुस्तकातही ही कहाणी सविस्तर आली आहे. टीकेचे सार असे: यश मोजायला ‘बंब किती वेळात पोहोचतो’ हे एकच माप घेतले, कारण ते मोजायला सोपे होते; किती माणसे वाचली, किती घरे राहिली, हे मोजले नाही. बंब ठाण्यातच उभा आहे असे गृहीत धरले. रहदारीचा परिणाम पुरेसा धरला नाही. आणि वजनदार लोकांच्या वस्तीतली ठाणी बंद करण्याची वेळ आली तेव्हा गणित बाजूला ठेवले गेले. १९७० ते १९८० या काळात ब्राँक्समधल्या सात जनगणना-विभागांतल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत गेल्या किंवा ओसाड पडल्या.

याचा सगळा दोष गणितींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. घरमालकांनी टाकून दिलेल्या इमारती, विम्यासाठी लावलेल्या आगी, बेकारी, १९७५चे शहराचे आर्थिक संकट ही कारणेही तेवढीच खरी आहेत, आणि कोणाचा वाटा किती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण एक गोष्ट निश्चित आहे. ‘तुमचेच ठाणे का बंद केले’ असे विचारणाऱ्या रहिवाशाला ‘संगणकाने सांगितले’ हे उत्तर मिळू लागले. राजकीय निर्णयाला शास्त्राचा अंगरखा चढला. रहिवासी प्रशासकाशी भांडू शकत होता. वर्गमूळाशी कसे भांडणार? मला सर्वांत गंभीर धोका हा वाटतो. चुकीचे उत्तर आज ना उद्या दुरुस्त होते. ज्याच्यावर ते लादले जाते त्याचा बोलण्याचा हक्कच संपला, तर दुरुस्ती होणार कशी?

शिक्षकांसाठी

मी स्वतः संशोधन क्षेत्रात आहे. समीकरण जुळले की होणारा आनंद मला माहीत आहे. त्या आनंदात एक भूल असते. जे मोजता येते ते आपण लिहितो, आणि थोड्या दिवसांनी जे लिहिले तेवढेच जगात आहे असे वाटू लागते. त्यावर उपाय गणित सोडून देणे हा नाही. गणिताचा प्रश्न जेथे लिहिला जातो, तेथे ज्याला उत्तर भोगायचे आहे त्याला बसवणे, हा उपाय आहे.

वर्गात याची सुरुवात सहज करता येईल. आहाराचे उदाहरण सोडवून झाले की विद्यार्थ्यांना विचारा: खर्च कमीत कमी करायचा, असे कोणी ठरवले? दिलेल्या पैशात मुलांनी जास्तीत जास्त खावे, असे उद्दिष्ट-फल घेतले तर? कोणती अट लिहायची राहिली? वरचे खिचडीचे गणित तुमच्या गावच्या भावाने करून पाहा. डाळ कोणत्या भावाला यादीतून गळते ते शोधा. मग आठवडाभर शाळेत एक साधा प्रयोग करा. शिजलेल्या अन्नाचे वजन करा आणि ताटांत उरलेल्या अन्नाचेही. सरकारी नोंदीत लिहिले जाते ते शिजवलेले. मुलाच्या अंगी लागते ते खाल्लेले. या दोहोंतला फरक कोणत्या दिवशी वाढतो, कोणत्या दिवशी घटतो, याची नोंद मुलांनाच करू द्या. कारणही त्यांनाच विचारा. भाजी कच्ची होती, भात गार झाला होता, पाणी प्यायला लांब जावे लागले, असे काहीतरी ते सांगतील.

ती कारणे फळ्यावर लिहा आणि त्यांतली कोणती समीकरणात बसवता येतील, कोणती नाही, हे मुलांबरोबर ठरवा. बसणार नाहीत ती पुसून टाकू नका. समीकरणाच्या शेजारी तशीच राहू द्या.